तांबरमला फोन करून विचारावें

लग्न होऊन मी तमिळ मुलखातल्या तांबरमच्या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की या घरात फोन वाजला म्हणजे कुणाचे तरी वडील गेलेले असतात. आज नव्हे, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी. फोन करणाऱ्याला फक्त एवढंच हवं असायचं, की त्यांचं श्राद्ध या वर्षी कोणत्या वारी येतं.

सांगणारे एकच, माझे सासरे. आमच्या कऱ्हाडकडे सासऱ्यांना बाबा म्हणतात. या तंजावरी मराठी घरात मामंजी म्हणायचं, हे मला साखरपुड्यातच बजावण्यात आलं होतं. मामंजी गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला ते लिहून ठेवायचं, हेच पोटापाण्याचं काम. माझा नवरा म्हणतो, निवृत्त झाल्यावर जिवंत माणसांच्या वेळा लिहायला मिळेनात म्हणून ते गेलेल्यांच्या लिहायला लागले. हे साफ खोटं आहे. तिथ्यांची वही माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीची आहे.

लांबट, निळ्या कापडी पुठ्ठ्याची ती वही फोनच्या तिपाईखाली असायची. तंजावर, कुंभकोणम, बंगळूर, अमेरिका, जिथे जिथे भावकी पांगली तिथली सगळी गेलेली माणसं तिच्यात होती. नाव, महिना, पक्ष, तिथी, आणि शेवटच्या रकान्यात तिथी विचारणाऱ्याचं नाव, त्यापुढे मामंजींचा शेरा. आमच्या गल्लीतले बाकी सगळे तमिळ. त्यांचे महिने सूर्यावर चालतात, आमचे चंद्रावर, त्यामुळे शेजारच्या मामींना विचारून आमचं भागत नाही. पुढच्या पिढीला पंचांग वाचता येत नाही. मग काय, तांबरमला फोन.

पण मामंजींची एक पद्धत होती. तिथी ते कधीही आधी सांगत नसत. "सांगतों, सांगतों. पहिलें हें सांग, आईचा गुडघा कसा अहे?" गुडघ्यानंतर लेकीची परीक्षा, मग घराचं कर्ज, मग धाकट्या भावाचं लग्न का जमत नाही. समोरचा माणूस पंधरा-वीस मिनिटं बोलून पुरता रिकामा झाला, की हे ऐटीत म्हणायचे, "सरी. बुधवारीं." सरी म्हणजे तमिळमध्ये ठीक, झालं. त्यासाठी वहीदेखील उघडावी लागत नसे, पण ती मांडीवर घेतल्याशिवाय ते बोलत नसत.

माणूस शिस्तीचा म्हणजे किती? सकाळी भात झाला की गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला मूठभर ठेवल्याशिवाय आमच्याकडे कुणी डब्यात भात भरायचा नाही. हे काम त्यांचं. वर्षात एखादाच दिवस, बहुधा मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या तमिळ महिन्याच्या दिवसांत, देवळातल्या कर्ण्यावर पहाटेपासून गाणी चाललेली असताना, ते मला म्हणायचे, "आज तूं ठेव." माझी सव्वासातची कंपनीची बस गाठायची घाई. आजच का, असं विचारलं तर म्हणायचे कंबर दुखते. आणि त्याच दिवशी दुपारी स्टेशनपर्यंत पायी जाऊन केळी घेऊन यायचे! मी चरफडत दोन-दोन पायऱ्या चढून भात ठेवायची आणि धावत सुटायची. म्हाताऱ्या माणसाच्या लहरी, दुसरं काय.

आता माझ्याबद्दल. सिरुसेरीच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. प्रोग्रामर नव्हे, प्रोग्रामर मंडळी काय करून बसली आहेत ते इतर माणसांना समजेल असं सांगणारी. त्या कामात मला विकीचा नाद लागला. विकी म्हणजे आपसांत जोडलेल्या टिपणांची वही. माझी विकी म्हणजे एकच फाइल, ब्राउझरमध्ये उघडायची, लिहायचं, जतन करायचं. वाणसामानापासून ऑफिसातल्या भांडणांपर्यंत माझं सगळं तिच्यात. तिला एखादं नवं काम शिकवायचं असेल तर प्लगिन लिहायचं. ते थोडंफार मला येतं, म्हणजे दुसऱ्याचं बघून आपलं शिजवण्याइतपत.

मामंजींच्या वहीला वाळवी लागली तिथून हे सगळं सुरू झालं. मागच्या बाजूने खात खात ती वैशाखापर्यंत पोहोचली होती. मामंजी वही घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. मी त्यांना एवढं हबकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"हें तुझ्या यंत्रांत घाल," ते म्हणाले.

चार रविवार आम्ही तेच केलं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर, ज्याचा पंखा गिरणीसारखा आवाज करतो, मी टाइप करायची आणि मामंजी शेजारी बसून सांगायचे. वाळवीने खाल्लेलं त्यांना तोंडपाठ होतं. टाइप करताना एक गोष्ट मला जाणवली आणि मी ती गिळून टाकली. वहीत माझ्या नणंदेच्या सासरची माणसं होती, चुलतजावेच्या माहेरचीसुद्धा होती. माझे वडील नव्हते. ते पाच वर्षांपूर्वी गेले. त्यांचं सगळं कऱ्हाडला भाऊ करतो. मला पाठ आहे ती इंग्रजी तारीख. मी विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असल्या गोष्टीवरून रुसायचं म्हणजे हसंच. पण लागलं, हे खरं.

टिपणं झाली, मग मी प्लगिन लिहिलं. महिना, पक्ष आणि तिथी घाला, ते या वर्षीचा दिवस सांगणार; तिथी माहीत नसेल तर इंग्रजी तारखेवरून तीही काढणार. चंद्र-सूर्याचं गणित कुणीतरी आधीच करून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं होतं, ते मी उचललं. मामंजींनी परीक्षा घेतली. पंचांग घेऊन बसले आणि तिसऱ्याच नावाला म्हणाले, "चूक."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. कॅलेंडर आणि माझं प्लगिन दोघंही मंगळवार म्हणत होते.

"कॅलेंडर सकाळची तिथी सांगतें," मामंजी म्हणाले. "श्राद्धास दुपारची बघायची. पितर दुपारीं जेवतात. सकाळीं नाश्ता करतात म्हणून कोणीं सांगितलें तुज?"

मी सूर्योदय काढून टाकून अपराह्न घातला. त्यानंतर मामंजींनी एकेक करून सगळी वही तपासली. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शेवटच्या नावाला मान हलवून त्यांनी चष्मा काढला, आणि मला वाटलं की आता शाबासकी मिळणार. ते म्हणाले, "हें सगळ्यांस देऊन टाक. माझ्यामागें कोण सांगेल?"

ऐंशी पूर्ण झालेल्या माणसाने हे म्हटल्यावर आपण काय बोलणार? मी बरं म्हटलं.

देऊन टाकणं एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीला विचारलं. ती पक्की प्रोग्रामर. "अक्का, काही नाही त्यात. हे बसवा, ते बसवा, आणि कमांडच्या काळ्या खिडकीत चार ओळी टाइप करा." ऑफिसच्या लॅपटॉपवर परवानगीशिवाय काहीही बसवता येत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर 'हे' बसलं, 'ते' बसेना. दोन शनिवार गेले. प्रत्येक ओळीला काळी खिडकी लाल अक्षरांत काहीतरी खेकसायची. तिला मी अस्सल कऱ्हाडी भाषेत जे बोलले, ते मामंजींच्या तंजावरी मराठीत नाही, हे माझं नशीब.

मग कळलं की काळ्या खिडकीची गरजच नाही. माझी विकी ब्राउझरमध्ये चालते, प्लगिन तिच्यातच लिहिलं, तर त्याची पुडी बांधून जगाला देण्याचं कामही तिच्यातूनच होतं. प्लगिन ठेवायला इंटरनेटवर एक फुकट जागा घ्यायची. ती जागा आपल्याला एक लांबलचक किल्ली देते, नुसतीच अक्षरं आणि आकडे. ती एकदा विकीत चिकटवायची, म्हणजे ब्राउझर ती लक्षात ठेवतो. मग एक बटण दाबलं की प्लगिन तिथे जाऊन बसतं. नातेवाइकांनी मी पाठवलेली कोरी विकी उघडून तिच्यात तो पत्ता घातला की झालं. पुढे आपण काही बदललं तर त्यांना आपोआप नवी आवृत्ती मिळते. तव्यावरची पोळी थेट पानात पडावी तसा प्रकार. दोन शनिवार वाया गेल्याचा राग मला अजून आहे.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही प्लगिन प्रकाशित केलं. मामंजी अंघोळ करून, गंध लावून, हातात पेन्सिल आणि पाठकोरा कागद घेऊन बसले होते. मी काय करते ते लिहून घेत होते. टाइमकीपरची जुनी सवय. शेवटचं बटण त्यांना दाबायला दिलं. त्यांनी ते कॉलबेलसारखं बराच वेळ दाबून धरलं.

"झालें?"

"झालं, मामंजी. आता अमेरिकेतही दिसतंय."

"सरी," ते म्हणाले, आणि कॉफी मागितली.

कॉफी गाळेपर्यंत फोन वाजला. बंगळूरचा माझा चुलतदीर. प्लगिन बसवण्याचा पहिला मान त्याचा. "वहिनी," तो म्हणाला, "माझ्या नावापुढे 'बोलणें फार, ऐकणें कमी' असं का लिहिलंय?"

काय झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं. पुडी बांधताना मी 'तिथी' अशी खूण असलेली सगळी पानं उचलली होती. गणिताच्या पानांवर ती खूण होती तशी मामंजींच्या वहीच्या पानांवरही होती. म्हणजे अख्खी भावकी, प्रत्येकाच्या नावापुढच्या शेऱ्यासकट, जगाच्या चव्हाट्यावर! 'वेळेवर विचारत नाहीं.' 'विचारतो, पण करत नाहीं.' 'बायको शहाणी, तिच्याशीं बोलावें.' मी कॉफी तशीच सोडून धावले, पानं काढली आणि दहा मिनिटांत १.०.१ आवृत्ती प्रकाशित केली. मामंजी तेव्हाही शेजारी बसून लिहून घेत होते. "चूक काढून पुन्हा देतां येतें?" त्यांनी विचारलं. "येतं. पेन्सिलचं चित्र दाबायचं, बदलायचं, आकडा एकाने वाढवायचा, पुन्हा बटण," मी घाईघाईत म्हटलं. ते मान हलवून लिहीत राहिले.

चुलतदिराच्या त्या फोननंतर तिथीच्या निमित्ताने येणारे फोन थांबले.

पितृपक्षाच्या आधीचा पंधरवडा म्हणजे आमच्या घरची सुगी. दिवसाला सात-आठ फोन ठरलेले. त्या वर्षी एकही नाही. व्हॉट्सॲपवर सगळे मला अंगठे पाठवत होते, हात जोडत होते. "काय सोय झाली वहिनी," चुलतदीर म्हणाला, "आता काकांना त्रास द्यायलाच नको." मी खुशीत होते. मला वाटत होतं, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं मी उतरवलं.

मामंजी सकाळी दहाला फोनच्या तिपाईपाशी येऊन बसायचे. मांडीवर वाळवीने खाल्लेली वही. पहिले तीन दिवस ते म्हणाले, लोक कामांत असतील. चौथ्या दिवशी त्यांनी फोन उचलून कानाला लावला, तो चालू आहे की नाही ते बघितलं आणि परत ठेवला. त्या दिवशी मी घरून काम करत होते म्हणून मला ते दिसलं. पुढे कॉफी अर्धी राहायला लागली. दुपारी झोप वाढली. एकदा जेवताना विचारलं, "कुंभकोणमच्या अत्तेचें मोतीबिंदूचें काय जाहलें असेल?" मला काय ठाऊक? आत्यांना तिथी मिळाली होती. त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. मोतीबिंदूबद्दल ना मी विचारलं होतं, ना त्यांनी सांगितलं होतं.

मला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. माणसं तिथी विचारायला फोन करतात असं मी धरून चालले होते. माझा नवरा कोइम्बतूरला नोकरीला असतो, शनिवार-रविवार येतो. त्याला म्हटलं तर तो म्हणाला, "अगं, पण त्यांनीच दे म्हणून सांगितलं ना?" तेच तर. परत मागून घेणाऱ्यांतले ते नव्हते, आणि दिलेलं परत घ्या म्हणून मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

पितृपक्ष निम्मा सरला होता. ऑफिसच्या कँटीनमध्ये दहीभात खात होते, इतक्यात चुलतदिराचा निरोप आला. "वहिनी, तुमचं प्लगिन बिघडलंय." मी फोनवर विकी उघडली. वर पट्टी झळकत होती: नवी आवृत्ती १.०.२ आली आहे.

मी काहीही प्रकाशित केलेलं नव्हतं. किल्ली चोरीला गेली, कुणीतरी आत शिरलं, आता माझ्या नावावर काय काय चालवतील देव जाणे! मैत्रीण म्हणाली, "अक्का, उघडू नका." मी उघडलं. कुंभकोणमच्या आत्यांच्या यजमानांची तिथी घातली. दिवस आणि तारीख यायच्या त्या जागी एकच ओळ आली:

'दिवस निघाला. तांबरमला फोन करून विचारावें.'

आणि खाली, या आवृत्तीत काय बदललं ते लिहायच्या जागी: 'सुधारणा केली.'

मी इतक्या मोठ्याने हसले, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मैत्रिणीला सांगितलं, चोर घरचाच आहे. मग घरी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बिझी. साडेतीनपर्यंत मी चारदा फोन केला आणि चारही वेळा तो बिझी होता. तो टूं-टूं आवाज मला इतका गोड कधीच लागला नव्हता.

संध्याकाळी घरी पोहोचले तरी मामंजी फोनवरच होते. मला हातानेच बस म्हणाले. "...तर मग दुसऱ्या डोळ्याचें कधीं? दिवाळीनंतर? सरी, सरी..." तिपाईवर तो पाठकोरा कागद होता. वळणदार अक्षरात, आकडे घालून: १. पंखा सुरू होईतों थांबणें. २. पृथ्वीचें चित्र. ३. वही उघडणें. ४. पेन्सिल. असं करत करत अकरावं कलम: आकडा एकानें वाढविणें, विसरूं नये. बाराव्या कलमापाशी लिहिलं होतं: बटण एकदांच दाबणें. किल्ली ब्राउझरने लक्षात ठेवलेली होतीच. जी काळी खिडकी मला दोन शनिवार उंबऱ्यावर पाऊल ठेवू देत नव्हती, ती वाटेत आलीच नाही, म्हणून टाइमकीपरला सगळं जमलं.

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अपराधी वगैरे चेहरा मुळीच नाही.

"मामंजी, हे तुम्ही केलंत?"

"होय. चूक होती, नीट केली."

"कसली चूक? एकेक तिथी तुम्ही स्वतः तपासली होती."

"तिथी बरोबर. तें यंत्र तिथी पहिलेंच सांगतें. मग बाकीचें कोण विचारणार? अत्तेचा एक डोळा झाला, दुसऱ्यास भितें. तें यंत्रास ठाऊक अहे काय?"

मी तो कागद उचलून हातात घेतला.

"पण तुम्हीच म्हणालात ना, माझ्यामागे कोण सांगेल म्हणून दे?"

"माझ्यामागें म्हणालों," ते म्हणाले. "अजून बसलों अहें कीं. मी गेलों कीं जुनें परत घाल. बटण तुज ठाऊक अहे."

चुलतदीर रात्री पुन्हा कुरकुरला, की एवढं नवं तंत्रज्ञान आणि शेवटी म्हाताऱ्याला फोनच करायचा? मी म्हटलं, कर. त्याने केला. पन्नास मिनिटं लागली त्याला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने मला कळवलं, की नोकरी सुटल्याचं जे त्याने महिनाभर घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते काकांनी काढून घेतलं. १.०.२ आवृत्ती मी तशीच राहू दिली.

दिवाळी झाली. आत्यांचा दुसरा डोळा झाला. देवळातल्या कर्ण्यावर पहाटेची गाणी सुरू झाली. एके दिवशी ऑफिसात जेवण आटोपून बसले असताना मनात आलं, या प्लगिनमध्ये मी सगळ्या जगाचे पितर घालून पाहिले, स्वतःच्या वडिलांना नाही. ते गेले ती इंग्रजी तारीख घातली, तिच्यावरून तिथी निघाली: मार्गशीर्ष वद्य षष्ठी. मग या वर्षीचा दिवस मागितला.

'दिवस निघाला. तांबरमला फोन करून विचारावें.'

प्लगिन माझंच. आत शिरून दिवस काढायला मला अर्धं मिनिट लागलं नसतं. पण मी फोन लावला. म्हटलं, बघू या तरी, आपल्याला काय विचारतात.

"मामंजी, एक तिथी हवी होती."

"सांगतों. जेवलीस काय? बस वेळेवर मिळाली?" सकाळी सहा तासांपूर्वी ज्या माणसाने मला डब्याची पिशवी हातात दिली, तोच हे विचारत होता. मी सगळी उत्तरं दिली. पद्धत ती पद्धत. मग म्हणाले, "सांग. कोणाची?"

"माझ्या वडिलांची. मार्गशीर्ष वद्य..."

"षष्ठी," ते म्हणाले. "या वर्षीं मंगळवारीं."

"तुम्हाला कसं माहीत? वहीत तर नाही."

"वही विसरणाऱ्यांसाठीं अहे." मग जणू मी फार सोपी गोष्ट विचारली होती अशा आवाजात, "त्या दिवशीं तूंच ठेवतेस कीं भात."

दरवर्षी वेगळी तारीख. मार्गळीचे दिवस, कर्ण्यावरची गाणी, आज तूं ठेव, कंबर दुखते. पाच वर्षं. पाच वेळा माझ्या वडिलांचं पान मी माझ्या हाताने वाढलं होतं, आणि पाचही वेळा बस चुकेल म्हणून चरफडत, दोन-दोन पायऱ्या चढून.

"हॅलो?" मामंजी म्हणाले. "अहेस काय?"

"आहे," मी म्हटलं. माझा आवाज त्यांना कळला असणार, कारण पुढे त्यांनी काही विचारलं नाही.

मंगळवारी मी सव्वासातची बस जाऊ दिली. भात ठेवला आणि कठड्यापाशीच उभी राहिले. थोड्या वेळाने मामंजी एकेक पायरी चढत वर आले, आणि कावळा येईपर्यंत आम्ही दोघंही तिथेच थांबलो.